सुपारी कुणाची घेतली ते तर सांगा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परवा १७ सप्टेंबरला गावात मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं. मी रिटायर मास्तर, त्यामुळं दरवर्षी दोन शब्द बोलायचं काम माझ्याकडंच येतं. बोलून घरी आलो तर पुतण्या ओसरीवर बसून मोबाईलवर एका विदेशी गायकाचा सौदीतला शो बघायला होता, मैदान भरून पोरं, लेझर, धूर. मी म्हणलं, अरे त्या देशात नुसत्या ट्वीटवरून माणसं वर्षानुवर्षं जेलात घालायलेत अन् तिथं हे नाचून गायलेत? तो म्हणला, काका, गाण्यात कशाला राजकारण आणता, पैसे मिळाले, ते गायले, विषय संपला. मला राग नाही आला पण ते ‘विषय संपला’ डोक्यातून जाईना, कारण आमच्या घरात हा विषय साठ वर्षं संपला नव्हता.

आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, पेटी वाजवून भजन म्हणायचे, आवाज असा की पहाटे काकड्याला म्हणायला लागले की शेजारच्या वस्तीवर ऐकू जायचं. १९३७ साली निजामाची सिल्व्हर ज्युबिली झाली, गादीवर बसून पंचवीस वर्षं झाली म्हणून सगळ्या संस्थानात कार्यक्रम ठेवले होते. गढीवरून निरोप आला, आबांनी तालुक्याला यायचं अन् सरकारच्या स्तुतीचं पद म्हणायचं. पद कुणीतरी लिहून दिलेलं, त्यातले निम्मे शब्द आबांना कळतसुद्धा नव्हते. नाही म्हणलं असतं तर काय झालं असतं? आबा सांगायचे, बैलं नेली असती, जमीन नेली असती, मला बी नेलं असतं. गेले, गायले, पाच रुपये हाली सिक्का, म्हणजे निजामाचं नाणं, मिळाले. त्या पैशात त्यांनी आईला हिरवं लुगडं घेतलं. अन् म्हातारपणी हे सांगताना दरवेळी एकच वाक्य यायचं, आई ते लुगडं नेसली की मी घरातून भाईर जायचो.

पुढच्याच वर्षी, १९३८ ला, औरंगाबादच्या कॉलेजातल्या अन् हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या पोरांना होस्टेलात वंदे मातरम् म्हणलं म्हणून काढून टाकलं, पोरं शिकायला नागपूरला गेली. एका गाण्याला सरकार किती भ्यायचं ते बघा. म्हणून मला कुणी म्हणायला लागलं की गाण्याचा अन् राजकारणाचा संबंध नाही, तर मराठवाड्याच्या माणसाला तरी ते पटू नये. हुकूमशहाला हा संबंध बरोब्बर कळतो. एका गाण्यावर बंदी घालायची अन् दुसऱ्यासाठी थैली सोडायची, त्याची दोन्ही कामं एकाच हिशेबाची असतात.

आता विदेशातल्या बड्या लोकांचं बघा. लिबियाचा हुकूमशहा गडाफी, त्याच्या घराण्यासाठी २००७ ला इटलीतल्या एका हॉटेलात नेली फुर्टाडो पाऊण तास गायली, दहा लाख डॉलर. मारिया कॅरी गायली, बियॉन्से गायली. २०११ ला लिबियात लोक रस्त्यावर उतरले, त्यांच्यावर गोळ्या चालल्या, अन् मग ह्यातल्या बऱ्याच जणांना आठवलं की ते पैसे दान करायला पाहिजेत. (बियॉन्सेकडून सांगण्यात आलं की तिनं त्याच्या आधीच हैतीच्या भूकंपग्रस्तांना दिले होते, ते मान्य करायला पाहिजे.) जेनिफर लोपेझ २०१३ ला तुर्कमेनिस्तानात गेली, चीनच्या तेल कंपनीचा कार्यक्रम, तिथं तिनं राष्ट्राध्यक्षांना हॅपी बर्थडे म्हणून दाखवलं. बोंबाबोंब झाल्यावर तिच्या लोकांनी सांगितलं, तिथं मानवी हक्कांचा काही प्रश्न आहे हे माहीत असतं तर ती गेलीच नसती. ज्या माणसाच्या पदरी मॅनेजर, वकील, पीआरवाले अशी फौज आहे त्याला एवढं माहीत नव्हतं? आमच्याकडचा बँडवाला सुद्धा सुपारी घ्यायच्या आधी चार जणांना विचारतो, पार्टी कशी आहे, भांडणं होतात का, पैसे बुडवते का.

पण मला सगळ्यात लागलं ते उझबेकिस्तानचं. तिथं २००९ ला इंग्लंडचा गायक स्टिंग गायला, कार्यक्रम तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष करिमोव यांच्या मुलीचा, मानधन दहा लाख पौंडांच्या पुढं असं ब्रिटिश पेपरांत आलं होतं. त्याच्या चारच वर्षं आधी, २००५ च्या मे महिन्यात, त्याच सरकारनं अंदिजान शहरात जमावावर गोळ्या घातल्या होत्या, सरकारी आकडाच १८७ मेलेल्यांचा, बाकीचे म्हणतात कितीतरी जास्त. अन् त्या देशाचं पीक कोणतं, तर कापूस. दरवर्षी सीझनला सरकार शाळा बंद करून पोरांना वेचणीला न्यायचं, पोरं, मास्तर, दवाखान्यातले डॉक्टर सुद्धा, प्रत्येकाला किलोचं टार्गेट. हे काल परवापर्यंत चालू होतं, २०२२ ला कुठं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं जाहीर केलं की आता सरकारी पातळीवरची ती सक्ती संपली.

संपादक साहेब, आमच्या सेलू-मानवत भागात कापूस वेचणी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायला नको. पोटाला ओटी बांधायची, पऱ्हाटीच्या रांगेत वाकून चालायचं, वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला घुसतात, संध्याकाळी भाकरीबरोबर मीठ-मिरची खायला बसलं की बोटं अशी झोंबतात की डाव्या हातानं खावं वाटतं. मी सुट्टीत घरच्या रानात वेचलाय, दुपारी कंटाळा आला की बांधावर आडवं पडायची मुभा होती, आई ओरडायची तेवढंच. मास्तर म्हणून वर्गात हजेरी घेताना वेचणीच्या दिवसांत निम्मी पोरं गैरहजर असायची, ते बघून सुद्धा जीव तुटायचा, तिथं तर सरकारच वर्ग रिकामे करायचं अन् मास्तरालाच रानात उभं करायचं. माझी खात्री आहे, स्टिंगला कुणी ती बोटं दाखवली असती तर तो गेला नसता. पण ती बोटं बघायची जबाबदारी त्याचीच होती. पुढं तो म्हणला, असले बहिष्कार उलटे पडतात, लोक जगापासून आणखी तुटतात. मुद्दा खोटा नाही, पण ज्या पोरांनी कापूस वेचला ती काय त्या महागड्या तिकिटाच्या ऑपेरा हाऊसात बसली होती?

नाही कसं म्हणायचं ते आपल्याकडंच बघा. आणीबाणीत किशोर कुमारनं सत्ताधारी पक्षाच्या कार्यक्रमाला गायला नकार दिला, १९७६ ला त्याची गाणी रेडिओ अन् दूरदर्शनवरून बंद केली. तेव्हा गायकासाठी रेडिओ म्हणजे सगळं काही, आजच्यासारखं यूट्यूब नव्हतं. तरी तो हटला नाही. रॅप गायिका निकी मिनाजनं २०१९ ला सौदीतल्या जेद्दाचा शो कबूल केला होता, बायांच्या हक्काचा अन् बोलण्याच्या स्वातंत्र्याचा मुद्दा सांगून मग रद्द केला. दोन वर्षांनी त्याच जेद्दात जस्टिन बीबर गेला. सौदी सरकारवर टीका करणारा पत्रकार जमाल खशोगी, त्याचा २०१८ ला इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत खून झाला, त्याच्या होणाऱ्या बायकोनं बीबरला जाहीर पत्र लिहून विनंती केली होती की गाऊ नको, तरी तो गायला. आपण पेपरवाले, तुम्हाला शोएबुल्लाखान माहीत असतीलच, ‘इमरोज’ नावाच्या उर्दू पेपरचे संपादक, रझाकारांविरुद्ध लिहायचे म्हणून १९४८ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादला रात्री घरी जाताना मारलं, लिहिणारा हात तोडला. त्या आठवड्यात कुणी मोठा गवई तिथं दरबारात जाऊन मैफल करून आला असता तर १७ सप्टेंबरला आपण त्याच्याबद्दल काय बोललो असतो?

एक गोष्ट मात्र वेगळी धरायला पाहिजे. आमच्या भागातली पोरं सौदीला, दुबईला ड्रायव्हर, मिस्त्री म्हणून गेलेली आहेत, दोन दोन वर्षं घर बघत नाहीत, त्यांच्यासाठी आपला कुणी गायक तिथं जाऊन संध्याकाळ करत असेल तर जावंच, मी स्वतः सतरंजी अंथरायला जाईन. लोकांसाठी गाणं वेगळं अन् राज्यकर्त्याच्या पोराच्या बर्थडेला गाणं वेगळं. तसंच त्या देशात राहणाऱ्या गरीब कलाकाराला मी बोट दाखवणार नाही. त्याच्या घरी बैलं आहेत, आई आहे. आबांना भीती होती, ह्या कोट्यधीश लोकांना कशाची भीती? नाही म्हणलं असतं तर एक विमान रिकामं गेलं असतं, बास. अन् तरीही बघा, ज्याला दुसरा इलाज नव्हता तो माणूस पाच रुपयांसाठी मरेपर्यंत झुरला.

पुतण्याला मी हे सगळं सांगितलं. तो गप्प बसला, मग म्हणला, पण काका, आम्हाला कसं कळणार कोण कुणाच्या पैशानं गायलंय, बातमीत तर नसतं. हे त्याचं खरं आहे. तुमच्या एंटरटेनमेंटच्या पानावर असल्या शोची बातमी येते तेव्हा ड्रेस किती लाखाचा, डान्सर किती, कुठल्या हॉटेलात उतरले हे सगळं असतं. माझी एवढीच विनंती आहे की त्याच बातमीत दोन ओळी आणखी टाका, यजमान कोण होता, अन् त्या देशातले कोणते गायक, कोणते पत्रकार आज जेलात आहेत. जागा कमी पडत असेल तर ड्रेसचा फोटो थोडा बारका करा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक, ता. सेलू, जि. परभणी