पृथ्वीच्या कक्षेमुळे बांध फुटत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला हिमयुगांवरचा लेख काल पुन्हा वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा राग आला, म्हणून लगेच लिहायला बसले नाही. दुसऱ्यांदा वाचूनही राग उतरला नाही.

लेखकाने सर्बियन शास्त्रज्ञ मिलान्कोविच यांची तीन चक्रं (पृथ्वीच्या कक्षेचा आकार, आसाचा कल आणि आसाचं भोवऱ्यासारखं डोलणं हजारो वर्षांत फिरून फिरून बदलतं, ती) दिली आणि आकडेही बरोबर दिले, याबद्दल त्यांचे आभार. पण पृथ्वी सूर्यापासून लांब गेली की हिमयुग येतं, हे त्यांचं म्हणणं चूक आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्याकडे आंब्याच्या कलमांच्या मोहोराला हवी असलेली थंडी पडते तेव्हा. जुलैत ती सुमारे ५० लाख किलोमीटर लांब असते. प्रश्न एकूण उष्णतेचा नाही. ती कोणत्या ऋतूत आणि कोणत्या अक्षांशावर पडते, याचा आहे. मिलान्कोविच यांनी ६५ अंश उत्तरेचा उन्हाळा हिशेबात धरला. तो नरम पडला की हिवाळ्यातलं बर्फ पुरतं वितळत नाही, पुढच्या वर्षी त्यावर नवा थर चढतो, पांढरं बर्फ ऊन परतवून लावतं आणि गारठा वाढत जातो. १९७६ मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन या शास्त्रज्ञांना या चक्रांचीच लय आपल्या हिंदी महासागराच्या दक्षिण भागातल्या तळाच्या गाळात सापडली.

एवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं. पण हवामान आणि समुद्र नेहमीच बदलत आले आहेत, किनाऱ्यावरच्यांनी घाबरू नये, असा लेखाचा शेवट आहे. हे वाक्य मी आधी ऐकलं आहे.

पाच वर्षांपूर्वी ऑगस्टच्या उधाणात, खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या आमच्या बांधाला खांड पडली. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी दोन वर्षं मोडकी होती, त्यासाठी आम्ही तीन अर्ज दिले होते. सकाळी धाकटे दीर अंगणात येऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "वहिनी, गेलं सगळं." नुकती लावणी झालेल्या भातावर गुडघाभर खारं पाणी होतं. चौथा अर्ज घेऊन आम्ही दोघं कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी तो वाचला आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही तर भूगोल शिकवलात. समुद्र लाखो वर्षं वरखाली होतोच आहे. त्याला आम्ही काय करणार?"

मी ३१ वर्षं भूगोल शिकवला. दर मे महिन्याच्या मध्यावर, सुट्टी असली तरी, पोरांना बोलावून शाळेच्या पटांगणात काठी उभी करत असे, सावली पायाशी नाहीशी होते ते दाखवायला. त्या दिवशी साहेबांना द्यायचं उत्तर मला माहीत होतं, पण घसा दाटून आला आणि बोलता आलं नाही. ते आज लिहिते.

आसाचा कल शंभर वर्षांत अंशाच्या पंचाहत्तराव्या भागाइतकासुद्धा बदलत नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याची तारीख सरासरी ५८ वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. माझ्या आजेसासऱ्यांनी बांधावर माती टाकली तेव्हापासून आजपर्यंत कक्षेत शेताला जाणवेल असं काहीही झालेलं नाही. शिवाय उत्तरेचा उन्हाळा गेली काही हजार वर्षं मंदावतोच आहे. केवळ कक्षेचं चालतं, तर पृथ्वी हळूहळू गार व्हायला हवी होती. उलट ती गेल्या दीडशे वर्षांत एका अंशाहून जास्त तापली. अंटार्क्टिकाच्या बर्फात आठ लाख वर्षांची हवा कोंडलेली आहे. तिच्यात कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत ३०० च्या आसपास थांबतो, आज तो ४२० च्या वर आहे. ही भर कोळसा आणि तेल जाळून आपण घातली.

समुद्र वरखाली झाला, हे खरंच आहे. २१ हजार वर्षांपूर्वी तो सुमारे १२० मीटर खाली होता. आज आपले ट्रॉलर जाळी टाकतात तिथे जमीन होती. पाणी हजारो वर्षं चढत आलं आणि ६-७ हजार वर्षांपूर्वी त्याचा वेग मंदावला. त्या स्थिरावलेल्या समुद्राच्या भरवशावरच खारेपाटातल्या माणसांनी बांध घालून खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाडीकाठच्या जमिनीत, भात काढलं. तो भरवसा आता डळमळतो आहे: गेल्या शंभरेक वर्षांत जगभर समुद्र सरासरी २० सेंटीमीटर चढला. अशा वेळी उघाडी दुरुस्त करायची की हिमयुगाकडे बोट दाखवायचं? आमचं शेत तीन पावसाळे पडीक राहिलं. मीठ पावसानेच धुऊन जावं लागतं, त्याला दुसरा इलाज नाही.

लेखकाचा हेतू वाईट नसेल. पण असं वाक्य छापून आलं की ते कचेरीतल्या टेबलावर पोचतं, आणि पुढच्या अर्जावर शेरा म्हणून परत येतं.

आणखी एक. आपल्या पेपरात पान ४ वर रोज भरती-ओहोटीच्या वेळा येत असत. जूनपासून त्या बंद झाल्या आणि तिथे राशिभविष्य वाढलं. वेळा फोनवर मिळतात हे मला माहीत आहे. पण आमच्याकडे बांधावर रात्री जागायला जातात ती माणसं साठीच्या पुढची आहेत आणि ते कात्रण दारामागे चिकटवून ठेवत होती. येत्या अमावास्येला मोठं उधाण आहे. त्याआधी वेळा पुन्हा छापायला सुरुवात करावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
खारेपाट, ता. अलिबाग, जि. रायगड