जनरेटरच्या खोक्यावरचा आकडा आणि खरा लोड

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

२०२७ च्या सिंहस्थाची तयारी सुरू झाली तसं माझ्याकडे छोट्या जनरेटरची चौकशी जरा जास्तच यायला लागलीये. पंचवटीतला चहावाला, तपोवनाकडे रसवंती टाकायची म्हणणारा, त्र्यंबकला प्रसादाचं दुकान असणारा, सगळ्यांचं एकच, "भाऊ, कोणता घेऊ?" आणि हे विचारताना मोबाईलवर फोटो आधीच उघडलेला असतो, त्यात खोक्यावर मोठ्या अक्षरात २२०० लिहिलेलं असतं, म्हणजे मनात ठरलेलंच आहे, माझ्याकडून फक्त हो म्हणवून घ्यायचंय. मी सिडकोत वायरिंगची कामं करतो, जनरेटर विकत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

तो २२०० चा आकडा खोटा नसतो पण तो आपल्या कामाचा नसतो. होंडाचं ईयू२२आय घ्या, छोट्या इन्व्हर्टर जनरेटरमध्ये हे नाव सगळ्यात आधी निघतं. त्याचे २२०० वॅट हे जास्तीत जास्त, तेही थोडा वेळ. तासन् तास चालवायचं तर १८०० वॅट. यामाहाचं ईएफ२०००आयएस नावात दोन हजार, सलग चालवायला १६००. स्वस्तातल्या मशीनवर तर कधी कधी फक्त वरचा आकडा छापतात, सलग चालायचा आकडा शोधायला पुस्तिका उघडावी लागते आणि पुस्तिका खोक्यात सील असते. त्यात नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, हवा विरळ होते तशी इंजिनची ताकद साधारण दर ३०० मीटरला साडेतीन टक्क्यांनी कमी होते, म्हणजे आपल्याकडे सातएक टक्के तशीच गेली. सप्तशृंगी गडावर यात्रेत दुकान लावणाऱ्यांनी अजून धरायची. १८०० चे झाले पावणेसतराशे, आणि एप्रिल-मेच्या उन्हात ते पण पूर्ण मिळतील असं धरू नका.

आता लोड. नुसते एलईडी बल्ब, मोबाईल चार्जिंग, एक-दोन पंखे, बिलाचं छोटं मशीन, एवढंच असेल तर पाचशे वॅटच्या आतच काम भागतं, १ केव्हीएचं (केव्हीए म्हणजे जनरेटरचं माप, ढोबळ हजार वॅट) छोटं मशीन घ्या, तेरा-चौदा किलोचं असतं, एका हातात उचलता येतं. पाणीपुरीच्या गाडीवाल्याने दोन केव्हीए घेऊन काय करायचंय? घोळ मोटारीत होतो. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, लोकं म्हणतात १८०० मध्ये दोन मोटारी चालतील. पण मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते, क्षणभरच, पण तेवढ्या क्षणात जनरेटर ओव्हरलोड दाखवून सप्लाय तोडतो, इंजिन चालू, लाल दिवा लागलेला आणि बाहेर करंट शून्य. मग माझ्या नावाने फोन. रसवंतीची मोटर, डीप फ्रीझर, पाण्याचा पंप ह्या तिघांसाठी मशीन घेताना चालताना किती घेतं हे विचारूच नका, सुरू होताना किती घेतं ते विचारा. आणि असला लोड असेल तर मोटर चालू करताना इको स्विच, म्हणजे लोड कमी असला की इंजिन हळू करणारा, तो बंद ठेवायचा, नाहीतर इंजिन आरामात हळू फिरत असतं आणि एकदम लोड आला की त्याला वेग पकडायला वेळच मिळत नाही. इंडक्शन शेगडी, गीझर, किटली ह्यांना सुरुवातीचा झटका नसतो पण दीड-दोन हजार वॅट सरळ खातात, त्यासाठी गॅस आहे ना भाऊ.

साधा आणि इन्व्हर्टर यातला फरक पण नीट कोणी सांगत नाही, दुकानदार म्हणतो "आवाज कमी" आणि संपलं. साधा जनरेटर ५० हर्ट्झ वीज द्यायची म्हणून इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवरच फिरवत ठेवतो, मग तुम्ही एक बल्ब लावा नाहीतर दहा. इन्व्हर्टरवाल्यात आधी तयार झालेली वीज डीसी करतात आणि मग आतल्या सर्किटमधून परत २३० व्होल्ट ५० हर्ट्झ एसी बनवतात, त्यामुळे इंजिनचा वेग लोडप्रमाणे कमी-जास्त झाला तरी बाहेरची वीज तशीच राहते. म्हणून पेट्रोल वाचतं, आवाज कमी होतो, आणि लॅपटॉप, सीसीटीव्ही, भजनी मंडळाचा मिक्सर-अॅम्प्लिफायर यांना स्वच्छ वीज मिळते, स्पीकरमधून ती घरघर येत नाही. घरातल्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरला साध्या जनरेटरवर कधी कधी चार्जिंगच होत नाही, तो फ्रिक्वेन्सी वरखाली झाली की सप्लाय नाकारतो, ते पण इथे जमून जातं. हे सगळं खरं असलं तरी ज्याला फक्त बोअरवेल नाहीतर वेल्डिंग चालवायचंय त्याने इन्व्हर्टर जनरेटरला जास्तीचे पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, त्याला दणकट साधं मशीनच बरं, आणि सर्किट जळालं तर त्याचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो.

आवाजाचं थोडं जास्त लिहितो कारण भांडणं यावरूनच होतात. जाहिरातीतला ४८ डेसिबल हा पाव लोडवरचा आणि सात मीटर लांबून मोजलेला असतो. तेच मशीन पूर्ण लोडला ५७ च्या आसपास जातं. ध्वनिप्रदूषणाच्या नियमात रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल, म्हणजे चांगल्यातलं चांगलं मशीन सुद्धा रात्री शेजाऱ्याच्या खिडकीखाली लावलं तर नियमात बसत नाही. आणि दुकानदार जो सरकारी ८६ डेसिबलचा आकडा दाखवून "आपलं तर फक्त ५७" म्हणतो ना, ती तुलनाच चुकीची आहे, ८६ ही मशीनमधून निघणाऱ्या एकूण आवाजाची मर्यादा आहे, सात मीटरवर उभं राहून ऐकलेला आवाज नाही. दोन मशीनची तुलना करायची तर लोड सारखा, अंतर सारखं, तरच.

खर्च. होंडाच्याच आकड्यावर हिशोब करा, टाकी ३.६ लिटर, पूर्ण लोडला तीन तास आणि थोडं वर, पाव लोडला आठ तास. म्हणजे पूर्ण लोडला एका युनिटला साधारण सव्वासहाशे मिली आणि पाव लोडला जवळजवळ एक लिटर पेट्रोल लागतं. पेट्रोल शंभरच्या वर आहे, आता तुम्हीच बघा एक युनिट कितीला पडलं. जिथे लाइन पोचते तिथे महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन घेणं याच्यापेक्षा कितीतरी स्वस्त, गणपती मंडळांना ते दरवर्षी हेच सांगतात. घरात पावसाळ्यात दोन-तीन तास लाइट जाते म्हणून जनरेटर घ्यायचा असेल तर घेऊच नका, बॅटरीवाला इन्व्हर्टर बसवा. सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये तर जनरेटर ठेवायला जागाच नसते, आणि गॅलरीत लावणारे पण मी बघितलेत. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, वास नाही रंग नाही, माणूस झोपेत जातो. तंबूत, अर्धं शटर ओढलेल्या गाळ्यात, पार्किंगमध्ये, कुठेच नको. उघड्यावर, सायलेन्सरचं तोंड माणसांच्या उलट्या बाजूला.

पर्वणीची स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात असतात म्हणजे भर पावसात. मशीन भिजायला नको म्हणून वर प्लास्टिक गुंडाळतात, त्याने ते तापून बंद पडतं किंवा त्याहून वाईट. वर पत्र्याचं छप्पर, चारी बाजू मोकळ्या, खाली दोन विटांवर उंच. आणि दोन्हीकडे पिन असलेली वायर बनवून घरातल्या सॉकेटमधून करंट सोडणारे जे हुशार लोक आहेत त्यांच्यासाठी, मेन स्विच पडायचा राहिला तर तो करंट उलटा खांबावर जातो आणि वर दुरुस्तीला चढलेला लाइनमन मरतो. चेंजओव्हर स्विच बसवा, म्हणजे एका वेळी लाइन नाहीतर जनरेटर, एकच जोडला जातो, तोही लायसन्सवाल्या वायरमनकडून. इन्व्हर्टर जनरेटरमध्ये बऱ्याचदा न्यूट्रल अर्थिंगला जोडलेला नसतो, त्यामुळे टेस्टर दोन्ही होलला मिणमिणतो, घाबरू नका पण नुसता आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) लावला म्हणजे सुरक्षित झालो असं पण समजू नका.

ऑनलाइन स्वस्तात मिळतं म्हणून बाहेरून आलेलं मशीन घेणाऱ्यांनी आधी बाजूची प्लेट वाचावी, अमेरिकेसाठी बनवलेलं १२० व्होल्ट ६० हर्ट्झचं असतं, ते आपल्या काही कामाचं नाही. पेट्रोलचा पण नवा प्रश्न आहे, पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं मिळतं आणि बऱ्याच जुन्या मॉडेलच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलंय, म्हणून घेताना हे मॉडेल वीस टक्क्याला चालतं का ते बिलावर लिहूनच घ्या. इथेनॉल पाणी ओढतं, टाकीत पेट्रोल ठेवून मशीन महिनोन् महिने कोपऱ्यात पडलं की कार्बोरेटर चोकअप, मग ऐन यात्रेच्या दिवशी दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. ठेवायच्या आधी टाकी रिकामी आणि कार्बोरेटरचा ड्रेन स्क्रू सोडून तो पण रिकामा. ऑइल पहिल्यांदा वीस तासांनी बदला, नंतर दर शंभर तासांनी, लागतंच किती, चारशे मिली.

ज्याचा लोड कधी कमी कधी जास्त त्याने तीन केव्हीएचं एक मोठं घेण्यापेक्षा दोन केव्हीएची दोन सारखी घेऊन कंपनीच्याच पॅरलल केबलने जोडावीत असं मला वाटतं. मोठं साठ किलोचं, उचलायला दोन माणसं, बंद पडलं तर सगळंच बंद. दोन छोटी असली की दिवसा एक चालवा, संध्याकाळी दुसरं जोडा, एक बिघडलं तरी दिवे चालू. पैसे थोडे जास्त जातील, मी तरी हेच सांगतो.

आपल्या पेपरातून दोन मागण्या पोचवाव्यात. कुंभासाठी स्टॉलच्या जागा देताना कोणाला किती वॅट लागणार हे अर्जातच विचारावं, आणि शक्य तिथे ओळीने सगळ्या स्टॉलना मिळून तात्पुरती लाइन द्यावी, पन्नास स्टॉल पन्नास जनरेटर अशी वेळ आणू नये. आणि मेन रोड, शालिमारकडच्या दुकानदार बांधवांनी खोक्यावरच्या आकड्याशेजारी सलग चालण्याचे वॅट मार्करने लिहावेत. गिऱ्हाइकाने स्वतःचा मिक्सर नाहीतर फ्रीझर टेम्पोत घालून आणला तर तो दुकानासमोर लावून दाखवायची तयारी ठेवावी, वीस मिनिटं, इको चालू आणि बंद दोन्ही करून. जो दाखवणार नाही त्याच्याकडून घेऊ नका असं मी माझ्या गिऱ्हाइकांना आत्तापासूनच सांगायला लागलोय.

आपला,
एक वायरमन, सिडको, नाशिक