डिसेंबरातली टेस्ट वैशाखात कामाची नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परभणीत संगणक दुरुस्तीचं दुकान चालवून मला पंचवीस वर्षं होत आली. यंदाच्या लग्नसराईत लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा एक मुलगा रडवेला होऊन सीपीयू घेऊन आला. रात्री मशीन व्यवस्थित चालतं, पण दुपारी दोनच्या सुमारास रेंडरिंग (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनणं) अर्ध्यात आलं की निळी स्क्रीन येऊन मशीन बंद. तिकडे नवरीकडच्यांचे फोनवर फोन.

आत इंटेलचा आय-फाइव्ह ८६००के प्रोसेसर होता. कंपनीने दिलेला टर्बो, म्हणजे कमाल वेग, ४.३ गिगाहर्ट्‌झचा, पण मशीन सेकंडहँड आणि बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीने ठरवल्यापेक्षा वेग वाढवून, ५ वर नेलेलं. विकणाऱ्याने डिसेंबरात प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी टेस्ट तासभर चालवून दाखवली होती आणि ती टेस्ट खोटी नव्हती. पण कूलर खोलीतलीच हवा मारतो ना! खोली २२ अंशांवर असताना ८० अंशांवर थांबणारा प्रोसेसर पत्र्याखालच्या चाळीस अंशांत शंभरीला टेकणारच. त्याला मी ४.३ वर आणला, व्होल्टेज उतरवलं. रेंडर थोडं उशिरा झालं, पण पूर्ण झालं.

ओव्हरक्लॉकिंगला माझा विरोध नाही. मी शिकाऊ होतो तेव्हा सेलेरॉन ३००ए हे ३०० मेगाहर्ट्‌झचे प्रोसेसर आम्ही बसची (प्रोसेसरला मदरबोर्डशी जोडणाऱ्या मार्गाची) गती ६६ वरून १०० करून ४५० मेगाहर्ट्‌झवर चालवायचो, आणि ते वर्षानुवर्षं चालले. पुढे क्यू६६०० हा प्रोसेसर २.४ वरून ३ गिगाहर्ट्‌झवर सहज जायचा. २०११ मधला आय-फाइव्ह २५००के तर चांगल्या कूलरवर साडेचारपर्यंत बिनघोर. तेव्हाच्या चिपमध्ये दमच शिल्लक ठेवलेला असायचा.

आता तो दम कंपनीच कारखान्यात वापरून टाकते. आय-नाइन १४९००के खोक्यातून निघतो तोच ६ गिगाहर्ट्‌झपर्यंत पळतो. त्यावर आपण आणखी काय ताणणार? २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीत तर कोणी हात न लावताही जादा व्होल्टेजमुळे प्रोसेसर बिघडू लागले. कंपनीने मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांचं अपडेट) दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण एकदा झिजलेली चिप कोणत्याही अपडेटने भरून येत नाही. म्हणून जुन्या पिढ्यांचा अनुभव नव्यांना लावू नये, हे मी पोरांना कळकळीने सांगतो.

सेकंडहँड मशीन विकणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे, की प्रोसेसर किती गिगाहर्ट्‌झवर आणि किती व्होल्टेजवर लावला आहे, ते बिलावर लिहून द्या. मी या महिन्यापासून लिहायला लागलो आहे. घेणाऱ्यांनी टेस्ट सकाळी एसीच्या दुकानात बघू नये. आपल्या घरी, भर दुपारी दोन तास चालवून मगच पैसे द्यावेत.

आपला,
एक संगणक दुरुस्तीकार, परभणी