कशेडी घाटातील अनोळखी मदतनीसांचे आभार

टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि डाइम्लर-बेंझ यांच्या १९५४ ते १९६९ या काळातील सहकार्यातून तयार झालेल्या टाटा-मर्सिडीज ट्रकपैकी एक आम्ही हौसेने सांभाळतो. नुकताच कशेडी घाट चढताना त्याच्या डिझेल लाइनीने एअर धरली (इंधनाच्या नळीत हवा शिरली), तेव्हा मागून आलेल्या ट्रकचे चालक आणि क्लीनर आपणहून थांबले. चाकांमागे दगड लावून त्यांनी गळत्या जोडातील तांब्याचा वायसर काढला, तो मऊ होऊन पुन्हा घट्ट बसावा म्हणून स्टोव्हवर लालबुंद तापवून पाण्यात बुडवला आणि फेस जाऊन निव्वळ डिझेल येईपर्यंत हातपंप मारला. पैसे तर नाहीच घेतले, नावेही सांगितली नाहीत. (आम्ही बसवलेल्या नव्या बंपरला मात्र नावे ठेवली, त्याबाबत आमचे मत वेगळे आहे.) त्या दोघांचे मनःपूर्वक आभार.