गोळी आहे, खिचडी नाही : शालेय शिक्षणमंत्र्यांना एका आईचे खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

साहेब, मी उदगीर तालुक्यातल्या एका गावात राहते. सोयाबीनच्या दिवसांत रानात कामाला जाते, एरवी शिलाई मशीन चालवते. तुमच्याकडे रोज ढीगभर अर्ज येत असतील, म्हणून मागणी आधीच सांगते. शाळेतली खिचडी आठवीला थांबते, ती नववी-दहावीच्या लेकरांनाही द्या. एवढंच मागणं आहे. का मागते, ते आता सांगते.

गेल्या सोमवारची गोष्ट. शाळेत दर सोमवारी लोहाची निळी गोळी देतात. ती जेवल्यावर घ्यायची, हे शाळेतल्या बाईही सांगतात आणि आशाताईही. आठवीपर्यंतची लेकरं खिचडी खाऊन गोळी घेतात. माझी थोरली या जूनमध्ये नववीत गेली. तिला गोळी आहे, खिचडी नाही. आदल्या रात्री घरातलं पीठ संपलं होतं. सकाळी गिरणीला लाईट नव्हती. आठची एसटी चुकली की शाळा बुडते, म्हणून मी तिच्या हातावर दहा रुपये ठेवले आणि पाठवून दिलं. तिच्या पेनातली शाई संपली होती. त्या दहा रुपयांचं तिने पेन घेतलं. दुपारी गोळी वाटली तेव्हा "मी जेवले नाही" म्हणायची तिला लाज वाटली. घेतली गोळी. गणिताच्या तासाला तिला मळमळायला लागलं, बाकावरून उठली आणि दारातच पडली. मला फोन आला तेव्हा मी मशीनवर होते. सुई बोटात गेली, ते मला एसटीत बसल्यावर कळलं.

तिच्या धाकट्या भावाने रात्री मला बाकीचं सांगितलं, भिंतीकडे तोंड करून. तो त्याच शाळेत आठवीला आहे. मधल्या सुट्टीत तो पंगतीत बसला होता. ताई खिडकीपाशी नुसतीच उभी दिसली, म्हणून त्याने आपल्या ताटातली अर्धी खिचडी डब्याच्या झाकणात काढली आणि तिच्याकडे निघाला. त्याला अडवलं. "नववीचं इथं नाही." मग त्याने ती खिचडी परत ताटात ओतली आणि खाल्ली. "मी खाल्ली ना आई, मला भूक होती," असं तो दोनदा म्हणाला. साहेब, तेरा वर्षांच्या पोराला खिचडी खाल्ल्याची लाज वाटायला लावली तुमच्या नियमाने.

ज्यांनी त्याला अडवलं त्यांना मी बोल लावत नाही. मी आधी गावातल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होते, मला हे काम ठाऊक आहे. तांदूळ माणशी ग्रॅममध्ये येतो. किती लेकरं जेवली ते रोज मोबाईलवर भरावं लागतं. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना सकाळपासून चुलीपुढे उभं राहून महिन्याचं मानधन २५०० रुपये. त्या कुणाकुणाला चोरून वाढणार? मी स्वतः चवीच्या नोंदवहीत सह्या केल्या आहेत. भिंतीवर रंगवलेला तक्ता मला पाठ आहे : पहिली ते पाचवी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. नववीचा रकानाच नाही. पाचवीच्या पुढे गेलं की लेकराला जास्त लागतं हे सरकारला कळलं, म्हणून तर आकडा वाढवला. मग आठवीनंतर भूक कुठे जाते? दहावीच्या पोरांना जादा तास असतात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत शाळेत. पोरींची पाळी सुरू झालेली असते. पोरं एका वर्षात वीतभर वाढतात. नेमकं तेव्हाच ताट काढून घ्यायचं, हे कुणी ठरवलं?

कायदा काय म्हणतो हेही मी शाळेतल्या सरांकडून समजून घेतलं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात आठवीपर्यंत असं लिहिलं आहे. असेल. पण नववीला देऊ नका असं त्यात कुठे लिहिलं आहे? माझी बहीण भालकी तालुक्यात दिली आहे, कर्नाटकात. इथून एसटी बदलून दुपारपर्यंत पोचता येतं. ते घरही आमच्यासारखंच, मराठी बोलणारं, दोन एकर कोरडवाहू. तिच्या पोरीला दहावीपर्यंत शाळेत जेवण मिळालं, अंडी मिळाली. आंध्रात तर २०२५ च्या जानेवारीपासून सरकारी ज्युनियर कॉलेजातही दुपारचं जेवण सुरू झालं. आणि आम्ही शाहू-फुले-आंबेडकरांचा महाराष्ट्र. भाषणात तीन वेळा नावं घ्यायची आणि पंगतीतून नववीच्या पोरीला उठवायचं.

अंड्याचं निघालंच आहे तर तेही सांगते. २०२३ च्या नोव्हेंबरात तुमच्याच सरकारने आठवड्याला एक अंडं सुरू केलं. लेकरं अंड्याच्या वाराची वाट बघायची. पंचवीस सालच्या जानेवारीत आदेश आला की अंड्याचे पैसे सरकार देणार नाही, लोकवर्गणीतून बघा. आम्ही समितीच्या बायका वर्गणी मागत गावभर फिरलो. ज्यांच्या घरात आठवड्याला एक अंडं शिजत नाही त्यांच्याच दारात आम्ही अंड्यासाठी उभ्या होतो. तीन आठवडे जमलं, चौथ्याला नाही. ५० कोटींचा खर्च होता म्हणे. राज्याच्या लेकरांच्या तोंडातून काढावेत इतके ते पैसे होते का?

आता माझा हिशोब बघा. शाळेबाहेरच्या गाड्यावर वडापाव १५ रुपये, पोहे २०. सकाळी आठला निघून संध्याकाळी साडेसहाला घरी येणाऱ्या पोरीला दोन्ही मिळून जेमतेम पुरतं. रोजचे ३५, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर ८७५. गावात साध्या ब्लाउजची शिलाई १२०. म्हणजे सात ब्लाउज शिवले तरी एका पोरीचं महिन्याचं दुपारचं खाणं पुरतं निघत नाही. दिवाळी आणि लग्नसराई सोडली तर सात ब्लाउज येतात कुठे? डबा देतेच मी. पण पहाटेची भाकरी दुपारी दीडला वाळून कडक होते, भाजी उन्हाळ्यात आंबते. चटणी-भाकरीचा डबा पोरी मैत्रिणींसमोर उघडत नाहीत, तसाच भरलेला परत आणतात. २०२५ च्या पावसात रानातलं पीक गेलं, तेव्हा मजुरीही गेली. मालक तेव्हापासून पुण्याला बांधकामावर आहेत.

मला तुम्ही लाडकी बहीण म्हणता. १५०० येतात, घेते मी, नाही म्हणत नाही. निवडणुकीत २१०० म्हणालात, त्याचं मी आज विचारत नाही. पण त्या १५०० मधले ८७५ पोरीच्या वडापावात गेले तर बहिणीला दिलं काय तुम्ही? पैसे खात्यावर टाकले की फोटो निघतो. खिचडीच्या पातेल्यापाशी कुणी फोटो काढायला येत नाही.

सरकारच्या हिशोबाने सहावी ते आठवीच्या मुलांचा शिजवण्याचा आणि डाळ-तेल-भाजीचा दर २०२५ च्या मे महिन्यापासून माणशी १० रुपये १७ पैसे झाला, तांदूळ वेगळा. वहीच्या मागच्या पानावर मी गुणाकार केला. वर्षाचे २२० दिवस धरले तर एका लेकराचे २२३७ रुपये. लाख लेकरांचे बावीस-तेवीस कोटी. आमच्याच जिल्ह्यातून जाणाऱ्या शक्तिपीठ महामार्गाला ८६ हजार कोटी लागणार, असं पेपरात छापून येतं. तो रस्ता इथे कुणी मागितला? जमिनी जाणार म्हणून लोक मोर्चे काढतात, तरी त्याला पैसे आहेत. २०२५ च्या जुलैत मुंबईच्या आमदार निवासात डाळ विटली म्हणून एका आमदाराने कँटीनच्या माणसाला मारलं, ते सगळ्या राज्याने टीव्हीवर बघितलं. आमदाराला शिळी डाळ आली तर एवढा राग येतो. माझ्या पोरीपुढे ताटच नाही, तिने कुणावर हात उचलायचा?

मी स्वतः नववीतूनच शाळा सोडली. लग्न झालं, दोन्ही बाळंतपणात रक्त कमी. दुसऱ्या वेळी ८ होतं, दोन बाटल्या चढवल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे आजचं नाही, वयात येतानाच खायला कमी पडलं आहे. सरकारच्याच पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरात ५९ मुलींना रक्त कमी निघालं. त्यावर तुमचं उत्तर ती निळी गोळी. गोळी चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण गोळीच्या खाली पोटात काहीतरी लागतं की नाही?

नववी-दहावीला खिचडी सुरू करायला दिल्लीची वाट बघू नका, कर्नाटकाने बघितली नाही. अंड्याचे पैसे परत द्या. आणि ते होईपर्यंत निदान एवढा तरी आदेश काढा की पातेल्यात उरलेलं अन्न मोठ्या वर्गातल्या उपाशी लेकराला वाढलं तर मावशींवर आणि सरांवर कुणी ठपका ठेवणार नाही. त्याला एक पैसाही लागत नाही.

थोरली दोन दिवस घरी होती, कालपासून शाळेत जाते. काल रात्री दप्तर भरताना तिने मला विचारलं, "आई, डबा नसेल त्या सोमवारी गोळी घेऊ का नको? बाई वहीत नावापुढे खूण करतात." मी अजून तिला काही सांगितलेलं नाही. येत्या सोमवारच्या आत तुम्हीच कळवा.

आपली,
उदगीर तालुक्यातली एक आई