लोकर बांधावर टाकू नका, आम्हाला विका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर भाच्याच्या गाडीतून फलटणहून दहिवडीकडे चालले होते. रस्त्याकडेच्या बांधावर काळा ढीग दिसला. आधी वाटले कुणी जुन्या गाद्या फेकल्यात. गाडी थांबवून उतरले, तर मेंढ्यांची लोकर. नुकतीच कातरलेली, चार-पाच पोती सहज भरतील एवढी. रात्रीच्या पावसाने खालचा थर भिजून कुबट वास मारत होता. वरची लोकर मात्र कोरडी आणि बोटभर लांबीची होती. मुठीत घेतली की तळहात तूपकट होत होता. पलीकडच्या बाजरी काढलेल्या रानात मेंढपाळांचा वाडा, म्हणजे मुक्काम, उतरला होता. तिथल्या तात्यांना विचारले, ही लोकर कुणाची? ते म्हणाले, "न्या की आक्का, लागंल तेवढी. कातरणाऱ्याला पैसं आमीच द्यायचं, जेवान आमीच घालायचं, अन् लोकर बी आमीच टाकून द्यायची. घेतंय कोण हिला?"

तात्या, मी घेते. आणि माझ्यासारख्या घेणाऱ्या पुष्कळ आहेत. त्यांची आणि तुमची गाठच पडत नाही, म्हणून हे पत्र.

माझे माहेर म्हसवडचे, सणगराचे. वडील मागावर घोंगडी विणायचे, आई चिंचोक्याची खळ शिजवायची आणि आम्ही पोरे पिंजलेल्या लोकरीचे पेळू, म्हणजे सूत काढायला घ्यायच्या गुंडाळ्या, करून द्यायचो. आश्विनात धनगर लोकरीचे गाठोडे घेऊन दारात यायचे. वडील गाठोडे सोडून आधी हात मधोमध घालायचे, वरची लोकर बघायचेच नाहीत. चिमूटभर लोकर दोन्ही हातांत ताणून कानापाशी झटका द्यायचे. 'टण्' वाजली तर धागा धडका. फाटल्यासारखा आवाज आला, तर ती मेंढी मधे आजारी पडलेली किंवा उपाशी राहिलेली. कोकराची पहिली कातर, म्हणजे जावळ, वेगळ्या फडक्यात बांधलेली असायची आणि तिचा भावही वेगळा ठरायचा. जावळाची घोंगडी अंगावर घेतलेल्याला तिचा मऊपणा मी सांगायला नको.

आता मी पुण्यात राहते. शाळेत हस्तकला शिकवून निवृत्त झाले आणि घरीच बायकांना लोकरकाम शिकवते: टकळीवर सूत काढणे आणि साबणाच्या पाण्यात लोकर मळून, दाबून तिचे आसन, पिशवी, सपाता करणे. आपल्याकडे पूर्वी बुरणूस आणि जेन ही न विणता दाबून केलेली जाड लोकरी पांघरुणे-अंथरुणे याच रीतीने करत. माझ्याकडे येणाऱ्या बाराही जणी परदेशी मेरिनो लोकर मागवतात. धुतलेली, विंचरलेली, रंगवलेली येते आणि ग्रॅमच्या हिशेबाने महाग पडते. मेरिनोला मी नावे ठेवत नाही. बाळाच्या टोपऱ्याला तीच हवी, आपली दख्खनी लोकर मानेला टोचते. पण बसायचे आसन, पायपुसणे, भाजीची पिशवी यांना मऊपणा काय करायचा? तिथे जाड, केसाळ, दणकट लोकर लागते, आणि ती माण-खटावच्या मेंढ्यांच्या प्रत्येक खांडात, म्हणजे कळपात, आहे. मळायला मेरिनोपेक्षा दुप्पट वेळ लागतो, हात भरून येतात हे खरे. पण एकदा जमली की जमली. माझ्या आईच्या हातचे आसन मी अजून वापरते.

मग कच्ची लोकर आणायची कुठून? दोन वर्षांपूर्वी मीच फसले. एका व्यापाऱ्याकडून फोनवर दहा किलो मागवली, पैसे आधी दिले. पोते आले ते ओलसर. उघडले तर आत पांढरी भुकटी दिसली आणि हात चुरचुरायला लागले. ती कातरलेली लोकर नव्हतीच, कापलेल्या मेंढीच्या कातड्याला चुना लावून उपटलेली होती. तिच्या टोकाला बारीक मूळ दिसते, कातरलेलीचे टोक सपाट असते. चुन्याने धागा कडक आणि ठिसूळ होतो. पिंजायला घेतली तर तुकडे पडत गेले. सगळे पोते आंब्याच्या आळ्यात घालावे लागले. व्यापाऱ्याने पुढे फोन उचलला नाही. नव्याने शिकणारीला हा फरक कळणार नाही, आणि पहिल्याच खेपेला असे झाले तर ती पुन्हा देशी लोकरीच्या वाटेला जाणार नाही.

म्हणून माझ्या मैत्रिणींना सांगते, लोकर डोळ्यांदेखत कातरलेली घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास मेंढ्या ओढ्यावर धुऊन कातरतात आणि मग वाडे लांबच्या चराईला निघतात. तेव्हा बांधावर जाऊन उभे राहायचे. त्या तात्यांच्या वाड्यावर मी पुढच्या कातरणीला गेले. चारी पाय बांधून मेंढी कुशीवर निजवतात, कात्री पोटाकडून पाठीकडे चालते, आणि पाठीची लोकर घडी उलगडावी तशी खाली येते. ती पडते मातीत! तिथेच तिचे मोल जाते. काटे, लेंड्या, गोखरू, सगळे चिकटते. मी सोबत नेलेली ताडपत्री अंथरली. पाठीची आणि खांद्याची लोकर एका बाजूला, पोटापायाची दुसऱ्या बाजूला, काळी आणि करडी वेगळी. तात्यांच्या सुनेने तासाभरात हे काम माझ्याहून चांगले उचलले. एका मेंढीची पाव-अर्धा किलोच निघते, म्हणजे दोन हात लांब-रुंद आसनाला दोन-तीन मेंढ्या लागतात. दिवाळीच्या लोकरीत कुसळ फार असते, कारण तेव्हा माळावरचे कुसळी गवत पिकलेले असते. ते हाताने वेचावेच लागते, त्याला दुसरा उपाय नाही. कात्री एकाच जागी दोनदा फिरली की बारीक तुकडे पडतात, ते तिथेच झटकून टाका. आणि लोकर दमट असेल तर एक दिवस थांबा, पण ओली पोत्यात भरू नका.

धुताना घाई नको. रात्रभर रिठे भिजवून त्याचे कोमट पाणी करायचे, लोकर कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून नुसती बुडवून ठेवायची. ढवळायची नाही, चोळायची नाही. खळबळायचे पाणी तेवढेच कोमट हवे. गरमातून एकदम गारात टाकली की तिचा गोळा झालाच म्हणून समजा. सावलीत वाळवायची. किलोभर आणली तर माझ्या हाती पाऊण किलो येते. ठेवताना कडुनिंबाचा सुकलेला पाला घालते आणि महिन्या-दोन महिन्यांनी ऊन दाखवते, नाहीतर कसर लागते.

भावाचेही बोलते. कातरणीला मेंढपाळाच्या खिशातून जेवढे जातात त्याहून अधिक लोकरीतून आले, तरच तो ती जपून ठेवील. आम्ही पुण्यात परदेशी लोकरीला मोजतो त्याच्या चौथाई पैसे दिले तरी त्याचे भागते आणि आमचेही. वाड्यावर उभे राहून दोन-पाच रुपयांची घासाघीस करू नका. आणि फक्त पाठीची चांगली लोकर उचलून बाकीची तिथेच टाकून येऊ नका. पोटापायाची घाण लोकरही न्या, झाडांच्या आळ्यात पसरा, ती ओल धरून ठेवते.

हे लवकर व्हायला हवे. लोकरीला भाव नाही म्हणून मेंढपाळ आता माडग्याळ जातीचे मेंढे खांडात सोडतात. कोकरे उंच होतात, मटणाला वजन भरते, पण अंगावर लोकर तुरळक. ज्याचे पोट मांसावर चालते त्याला दोष कसा द्यावा? पण दहा-वीस वर्षे असेच चालले तर कातरायला काही उरणार नाही, आणि पट्टणकोडोलीच्या यात्रेत बिरोबाच्या पालखीवर भंडाऱ्यासोबत उधळायची लोकरसुद्धा शोधत फिरावे लागेल.

माझे मागणे मोठे नाही. लोणंदच्या शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात आश्विन-कार्तिकात एक कोपरा लोकरीला मिळावा. एक ताडपत्री, एक वजनकाटा, आणि रंगाप्रमाणे लावलेली पोती. अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रे रांजणीला, महूदला, दहिवडीला आहेत. तिथे कातरलेली लोकर निवडून किलो-दोन किलोच्या पिशव्यांत आमच्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकांना मिळाली तर पुण्या-मुंबईच्या बायका एसटीने येऊन घेऊन जातील.

माण, खटाव, फलटण, आटपाडी या भागांतल्या मेंढपाळ बांधवांना विनंती, यंदा कातरणीचा दिवस ठरला की आपल्या गावच्या वार्ताहरामार्फत या वृत्तपत्राकडे निरोप द्यावा. संपादक महाशय तो माझ्यापर्यंत पोचवतील अशी आशा आहे. ताडपत्री, पोती आणि काटा मी घेऊन येईन. पैसे जागेवर रोख देईन.

आपली,
एक निवृत्त हस्तकला शिक्षिका, पुणे